मादागास्करची माणसं खरंच आळशी आहेत का?

मादागास्करला दोन आठवडे फिरून आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देश देखणा, माणसं कमालीची गरीब, तरी सदा हसतमुख. पण कामाला संथ. ‘मोरा मोरा’, म्हणजे ‘सावकाश, होईल’, हे दिवसातून दहादा ऐकावं लागतं. स्वतः मोडक्या घरांत राहतात आणि मेलेल्यांसाठी मात्र पक्की दगडी थडगी बांधतात. डोंगर जाळून भात पेरतात. जगाला व्हॅनिला पुरवतात, जमिनीतून नीलम काढतात आणि पोटाला पुरेसं नाही. “यांची गरिबी यांच्या स्वभावातच आहे असं माझं मत झालं. बरोबर आहे का? आणि पुढच्या खेपेला तिथल्या मुलांसाठी पेनं, गोळ्या न्याव्यात का?”

माझं तिथलं काम भातशेतीचं. मधल्या पठारावर, अंत्सिराबे ते फियानारांत्सुआ या पट्ट्यात मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे उत्तरही भाताच्या अंगानेच देणार. तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. पण ज्याला तुम्ही स्वभाव म्हणता त्यातला बराचसा भाग निव्वळ हिशेब आहे. पाहुण्याला तो हिशेब दिसत नाही, कारण पाहुणा नेमका चुकीच्या महिन्यात येतो.

तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात. बहुतेक प्रवासी एप्रिल ते नोव्हेंबर याच काळात जातात. एकदा पाऊस आणि चक्रीवादळं सुरू झाली की कच्चे रस्ते चिखलात जातात. पठारावरची मुख्य सुगी एप्रिल-मेच्या सुमाराची. म्हणजे पर्यटनाचा हंगाम आणि घरात भात असण्याचा हंगाम जवळजवळ एकच. जानेवारी ते मार्चमध्ये जुना भात संपलेला असतो आणि नवा अजून शेतात उभा असतो. या तंगीच्या दिवसांना फ्रेंचांच्या वेळचं ‘सुद्यूर’ हेच नाव आजही चालतं. तेव्हा गेला असतात तर तीच घरं आणि तीच माणसं बघून तुम्ही ‘हसतमुख’ हा शब्द वापरला नसतात.

भाताचं तिथलं स्थान आधी समजून घ्या. सकाळी पालेभाजी घालून शिजवलेला आसट भात, दुपारी भात, रात्री भात. तोंडी लावणं ऐपतीप्रमाणे. भांड्याच्या तळाला लागलेल्या करपलेल्या भातात पाणी उकळून तेच प्यायलाही घेतात. माणशी वर्षाला शंभर किलोंहून जास्त तांदूळ लागतो. आणि ही खरेदी किलोने होत नाही, ‘कापुआका’ने होते. कापुआका म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा. साडेतीन डब्यांचा एक किलो. बाजारात तांदळाच्या ढिगात खोचलेल्या पाट्यांवर भाव असतो तो एका डब्याचा. बाई येते, घरात आज किती ताटं ते मनात धरते, डबे मोजून घेते आणि तिचं सगळं लक्ष असतं डब्याच्या कडेवर. सुगीनंतर विकणारी शिगोशीग भरते, वर आणखी चिमूटभर टाकते. फेब्रुवारीत शीग उतरते. ज्या घरात पाच डबे जायचे तिथे तीन जातात, आणि उरलेली भूक कसावा नाहीतर रताळ्यावर भागते. देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर राजधानीतल्या कचेऱ्यांत जाण्याऐवजी बाजारात अशा एका ढिगाशेजारी तासभर उभं राहावं, असं माझं मत आहे.

हा तांदूळ पिकवणारा शेतकरी मे महिन्यात भात विकतो, भाव पडलेला असताना. कारण फेब्रुवारीत उसनं घेतलेलं फेडायचं असतं. पुढच्या फेब्रुवारीत तो चढ्या भावाने तांदूळ विकत आणतो, कदाचित स्वतःच्याच शेतातला. यात तोटा आहे हे त्याला कळत नाही असं समजू नका. ग्रामीण पतसंस्थांनी गावातल्या कोठारात भात तारण ठेवून त्यावर कर्ज द्यायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांना ती सोय मिळाली त्यांनी ती लगेच उचलली. सोय नसेल तिथे शहाणपण असून उपयोग काय?

आता आळसाबद्दल. माझ्या क्षेत्रातलं एक उदाहरण इतकं बोलकं आहे की ते जरा सविस्तर सांगतो.

भाताची ‘एसआरआय’ लागवड आपल्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ऐकली असेल. कोवळी रोपं, एका जागी एकच रोप, पंचवीस सेंटिमीटरच्या चौकटीत लावणी, खाचरात सतत पाणी न तुंबवता आलटून पालटून ओल आणि ताण, आणि कोळपं फिरवून तण जागच्या जागी गाडायचं. ही पद्धत जन्मली मादागास्करमध्ये. फादर आंरी द लोलानिए हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू १९६१ साली तिथे आले आणि शेतकऱ्यांबरोबर चिखलात उतरून प्रयोग करत राहिले. १९८३ च्या हंगामात अंत्सिराबेला पावसाने ताण दिल्यामुळे अवघ्या पंधरा दिवसांची रोपं लावावी लागली. एरवी महिनाभराची किंवा त्याहून जून रोपं लावायची रीत. त्या कोवळ्या रोपांना असे फुटवे आले की सगळे चक्रावले. बियाणं कमी, पाणी कमी, विकतचं खत आवश्यक नाही आणि उत्पन्न जास्त. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या नॉर्मन अपहॉफ यांनी ही पद्धत जगभर नेली. भारतात तमिळनाडू, त्रिपुरा, बिहार इथे ती चांगली रुजली.

आणि मादागास्करमध्ये? फार थोड्यांनी धरली, आणि धरलेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी काही हंगामांनी सोडून दिली. बाहेरून येणारा प्रत्येक जण इथे थांबून म्हणतो, ‘बघा, आळस!’ कॉर्नेलच्याच क्रिस्टीन मोझर आणि क्रिस्टोफर बॅरेट यांनी याचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले, आणि ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतात. या पद्धतीत लावणी आणि कोळपणीच्या वेळी हात जास्त लागतात. पण ते दिवस नेमके तंगीचे. घरात तांदूळ नाही, तेव्हा माणूस स्वतःच्या खाचरात राबला तर मोबदला चार महिन्यांनी मिळणार. दुसऱ्याच्या खाचरात गेला तर संध्याकाळी हातात रोज पडतो आणि त्याचे डबे भरून तांदूळ येतो. पोरं रडत असताना चार महिने थांबायला जवळ काहीतरी लागतं. ज्यांच्याकडे ते होतं, त्यांनी पद्धत धरली. ज्यांच्याकडे नव्हतं ते दुसऱ्याच्या शेतात कोळपणी करत राहिले आणि त्यांच्या स्वतःच्या शेतात तण माजलं. रस्त्याने जाणाऱ्याला दिसलं ते तण.

ऑगस्टमधली माणसंही रिकामी नसतात. ताना म्हणजे राजधानी अंतानानारिव्हो, तिथून राष्ट्रीय महामार्ग ७ ने दक्षिणेला निघालात तेव्हा खाचरांत विटांचे ढीग धुमसताना पाहिले असतील. कापणी झाली की त्याच खाचरातली चिकणमाती कापून विटा पाडतात, भाजतात, विकतात आणि पावसाआधी शेत पुन्हा मोकळं करतात. रस्त्याकडेला हातोडीने दगड फोडून खडी करणाऱ्या बायका दिसल्या असतील. वाटेत अंबातोलांपी लागतं. तिथे भंगारातलं ॲल्युमिनियम, म्हणजे इंजिनांचे जुने भाग, डबे, पत्रे वितळवून पातेली ओततात. काळ्या बारीक मातीचा दोन भागांचा साचा, तो हाताने दाबून, चापटून इतका नेमका बसवतात की भांड्याची जाडी सगळीकडे सारखी येते. वितळलेला धातू ओतणारा बहुधा अनवाणी. साचा उघडला की कडा कानशीने घासल्या, आणि पातेलं बाजारात. तो माणूस मला कधी ‘सावकाश, होईल’ म्हणाला नाही.

मग ‘मोरा मोरा’ कुठे ऐकू येतं? जिथे घाई करून काही मिळत नाही तिथे. टॅक्सी-ब्रूस ही तिथली वडापची गाडी. ती भरल्याशिवाय निघत नाही, कारण डिझेलचे पैसे शेवटच्या दोन-तीन जागांतून निघतात. चालकाला घाई करायला लावणं म्हणजे त्याला पदरचे पैसे घालायला सांगणं. रस्त्यातले खड्डे मातीने भरून गाडीवाल्यांपुढे हात पसरणारी मुलं तुम्हाला त्रासदायक वाटली असतील. ती नसती तर तुमचा प्रवास आणखी दोन तासांनी लांबला असता.

शिवाय ज्या लोकांना आपण सोशिक म्हणतो त्यांनी किती राजवटी उलथवल्या हे पाहावं. १९४७ च्या मार्चमध्ये त्यांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला आणि तो इतक्या निर्दयपणे चिरडला गेला की मृतांच्या आकड्यावर अजून एकमत नाही. दरवर्षी २९ मार्चला त्यांची आठवण म्हणून सुट्टी असते. १९६० च्या स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पहिल्या राष्ट्राध्यक्षांना सत्ता सोडावी लागली. १९९१, २००२, २००९ मध्येही राजधानीतले रस्ते भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण मुलं पाणी आणि विजेसाठी बाहेर पडली, सैन्याची एक तुकडी त्यांच्या बाजूला गेली आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष आंद्री राजोएलिना यांची सत्ता गेली. यातून सामान्य माणसाच्या हाती काय लागलं, हा वेगळा आणि कडू विषय. मोठं युद्ध न होता स्वातंत्र्याच्या वेळेपेक्षा दरडोई उत्पन्न घटलेला देश क्वचितच सापडतो. मादागास्कर तसा आहे. प्रत्येक राजकीय पेचानंतर मदत थांबते, कारखाने बंद पडतात आणि जेमतेम सावरलेली घरं पुन्हा तळाला जातात.

थडग्यांचा प्रश्न नाजूक आहे. पठारावरच्या मेरिना आणि बेत्सिलेउ लोकांत ‘फामादिहाना’ होते: काही वर्षांनी पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नव्या वस्त्रात गुंडाळायचे, वाजतगाजत मिरवायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. थंडीच्या कोरड्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबरमध्ये. किनाऱ्यावरच्या अनेक समाजांत ही चाल नाही आणि पठारावरही काही ख्रिस्ती पंथ ती मानत नाहीत, तेव्हा ‘सगळे मालागासी असंच करतात’ म्हणू नये. खर्च प्रचंड होतो हे खरं. शेकडो माणसांना भात आणि चरबीदार मांस, वाजंत्री, रेशमी वस्त्र. पण पाहुणे पाकीट आणतात, आणि कोणी किती दिलं ते वहीत लिहिलं जातं. आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखंच. त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढं किंवा थोडं चढं परत द्यायचं. बँक नसलेल्या मुलखात हे भिशीचं काम करतं. शिवाय जमिनीचा प्रश्न आहे. बहुसंख्य शेतकऱ्यांकडे जमिनीचा कागद नाही. २००५ च्या सुधारणेनंतर स्थानिक पातळीवर दाखले मिळू लागले, पण सगळीकडे नाही. अशा वेळी ‘ही जमीन आमची’ याचा न खोडता येणारा पुरावा म्हणजे त्या जमिनीवरचं घराण्याचं थडगं. घर पडलं तर चालतं. थडगं पडलं तर हक्कच डळमळतो. हा खर्च जास्त आहे असं म्हणणारे मालागासीही पुष्कळ भेटतात आणि मला त्यांचं पटतं. पण त्याला खुळेपणा म्हणणं मला पटत नाही.

जंगलाबाबत मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. पूर्वेच्या उतारांवर ‘तावी’ चालते, आपल्याकडच्या कुमरी शेतीसारखी: तोड, जाळ, पेर, काही वर्षांनी पुढे सरक. नुकसान खरं आहे, कायमचं आहे, आणि त्यावर कोणतीही गोड भाषा घालू नये. फक्त ‘यांना कोणी सांगितलं नाही’ असं समजू नका. मेरिना राज्याने १८८१ च्या कायद्यात जंगल जाळायला बंदी घातली होती, पुढे फ्रेंचांनीही घातली, आजही आहे. बंदी आली, पण उतारावरच्या माणसाला खालच्या दरीत पाण्याचं खाचर कोणी दिलं नाही. आणि शहरं स्वयंपाक लाकडी कोळशावर करतात. तुमच्या हॉटेलच्या शेगडीत काय होतं ते विचारलं होतंत का?

व्हॅनिलाचं गणित वेगळं आणि ईशान्येकडच्या सावा भागापुरतं. फूल एकच दिवस उमलतं. नैसर्गिक परागीकरण करणारा कीटक तिथे नाही, म्हणून प्रत्येक फूल हाताने, काट्याने किंवा काडीने फळवावं लागतं. ही युक्ती शेजारच्या रेयुनियाँ बेटावर १८४१ मध्ये एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. शेंग तयार व्हायला सुमारे नऊ महिने, मग गरम पाण्यातून काढणं, घाम आणणं, उन्हात वाळवणं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते. भाव २०१८ च्या आसपास किलोला सहाशे डॉलरपर्यंत गेला होता. त्याआधी काही वर्षं तो पन्नासच्याही खाली होता आणि नंतर पुन्हा कोसळला. चढ्या भावात चोऱ्या इतक्या वाढतात की शेतकरी वेलीवरच्या हिरव्या शेंगेवर टाचणीने आपली खूण टोचतात आणि रात्री कोयता घेऊन राखणीला बसतात. चोरीच्या भीतीने शेंग कच्ची तोडली की वास कमी, भाव कमी. चांगल्या वर्षी पत्र्याचं छप्पर होतं, वाईट वर्षी तांदळाची उधारी. नीलमाबद्दल एवढंच: १९९८ मध्ये इलाकाकाला खडे सापडल्यावर उजाड माळावर गाव उभं राहिलं, पण खड्ड्यात उतरणारा आणि खडा पारखून देशाबाहेर नेणारा ही माणसं वेगळी.

इथे एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण भारतीय प्रवाशाला ती माहीत असावी. तिथे तुमच्याकडे गोऱ्या पाहुण्यासारखं पाहत नाहीत. बहुधा ‘काराना’ समजतात. काराना म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थायिक झालेले, मुख्यतः गुजराती मुसलमान व्यापारी. देशातला मोठा व्यापार त्यांच्या हातात आहे. १९८७ मध्ये त्यांची दुकानं लुटली-जाळली गेली, आणि खंडणीसाठी त्यांची अपहरणं अजूनही होतात. काहींना स्थानिक नागरिकत्वही मिळालेलं नाही. तेव्हा एखाद्या दुकानात तुम्हाला थंड वागणूक मिळाली असेल तर त्यामागे जुना इतिहास आहे, आणि तुम्ही दोन मिनिटांत ‘मी भारतातून फिरायला आलोय’ एवढं सांगितलंत की चेहरे मोकळे होतात.

आता पेनं आणि गोळ्या. नेऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के तिथे खुरटलेली आहेत, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. तुम्हाला जी पोरं सहा वर्षांची वाटली त्यातली बरीच आठ-नऊची असणार, म्हणजे शाळेच्या वयाची. गाडी थांबली की गोळी मिळते हे एकदा ठरलं की ती रस्त्यावर थांबतात. द्यायचंच असेल तर गावच्या शाळेत जा. अनेक गावांत शिक्षक सरकारने नेमलेला नसतो. पालकांच्या मंडळाने, ज्याला तिथे ‘फ्राम’ म्हणतात, वर्गणी काढून ठेवलेला असतो आणि त्याचा पगार कधी पैशात तर कधी तांदळात दिला जातो. मुख्याध्यापक आणि पालक दोघांसमोर रक्कम द्या आणि किती दिली ते सर्वांसमोर बोला. तिथे औपचारिक भाषणाला, ‘काबारी’ला, फार मान आहे. आधी बोलल्याबद्दल क्षमा मागायची, मग वडीलधाऱ्यांना वंदन, मग मुद्दा. चार वाक्यं शिकून गेलात तर पाकिटापेक्षा त्याचं कौतुक जास्त होईल.

बाकी पैसे सरळ खर्च करा. मोठ्या हॉटेलात बुफे जेवण्याऐवजी रस्त्याकडेच्या खानावळीत भात खा. उद्यानांत स्थानिक वाटाड्याचे पैसे घासाघीस न करता द्या. भाव विचारताना एक सावधगिरी: २००५ मध्ये जुना फ्रँक जाऊन आरियारी आलं आणि पाच फ्रँकचं एक आरियारी झालं, पण बाजारात वयस्क माणसं अजून फ्रँकमध्येच आकडा सांगतात. पाचपट भाव ऐकून ‘लुटतात’ असा ग्रह करून घेऊ नका, ‘आरियारी?’ एवढं विचारा. थडग्याकडे सरळ बोट दाखवू नका, बऱ्याच भागांत ते निषिद्ध आहे. बोट वाकवून दाखवा.

आणि तुमचं मत खरोखर तपासून पाहायचं असेल तर पुढच्या खेपेला फेब्रुवारीत जा. चक्रीवादळांमुळे पूर्व किनारा टाळा. पश्चिमेकडे बेमाराहाच्या दगडी सुळक्यांकडचा रस्ता तेव्हा बंदच असतो. तानाहून अंत्सिराबे आणि पुढे फियानारांत्सुआपर्यंत मात्र पावसातही जाता येतं. डांबर खराब असलं तरी सलग आहे. छत्री, दोन जादा दिवस आणि सुट्ट्या नोटा बरोबर ठेवा.